अपराध एकाचा, दंड साऱ्या घराला

आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांच्या घरीं इंटरनेटची जोडणी आहे, आणि ती बहुधा घरांतील कर्त्या पुरुषाच्या नांवावर आहे. अर्जावर सही त्याची, दरमहा बिल भरणाराहि तोच. परंतु त्या एका जोडणीवर घरांतील आठ-दहा माणसांचे व्यवहार चालतात. सकाळीं आजोबा पेन्शन जमा झालें कीं नाहीं तें पाहतात, आजी परदेशांतल्या नातवाशीं बोलते, सूनबाई घरीं बसून कचेरीचें काम उरकते, कॉलेजांत जाणारा पुतण्या व्याख्यानें ऐकतो, आणि सुटींत आलेला भाचा दार लोटून काय पाहतो तें त्याचें त्यालाच ठाऊक. शेजाऱ्यांची जोडणी बंद पडली म्हणजे वायफायचा परवलीचा शब्द आपण त्यांनाहि मोकळ्या मनानें सांगतों. 'नाहीं' म्हणणें शेजारधर्माला सोडून वाटतें.

आतां अशा घरीं एके दिवशीं पत्र आलें कीं, 'आपल्या जोडणीवरून अमुक तारखेस, अमुक वाजतां एक गाणें बेकायदा उतरवून घेण्यांत आलें. असें पुन्हां पुन्हां घडल्यास आपली जोडणी तोडण्यांत येईल,' तर काय होईल? पत्र आजोबांच्या नांवचें, आणि आजोबांनीं तें गाणें जन्मांत ऐकलेलें नाहीं. घरांत चौकशी होईल, जो तो मान हलवील, एकमेकांकडे संशयानें पाहणें सुरू होईल. आणि तार तुटली तर ती अपराध्याचीच नव्हे, पेन्शनची, कचेरीची, अभ्यासाची आणि आजीच्या नातवाची अशी सर्वांची तुटेल.

हें चित्र आम्हीं कल्पनेनें रंगविलें असलें तरी त्यामागील प्रश्न काल्पनिक नाहीं. कांहीं पुढारलेल्या देशांनीं असे कायदे खरोखर केले, ते चालवून पाहिले, आणि त्यांपैकीं कित्येकांना ते मागें घ्यावे लागले किंवा अर्धवट ठेवावे लागले. त्यांच्या अनुभवांत आपल्यासारख्या एकत्र कुटुंबांना शिकण्याजोगें पुष्कळ आहे, म्हणून ती हकीकत येथें सांगण्याचें योजिलें आहे.

गाणें उतरविणारा सांपडतो कसा?

हे कायदे समजावयाचे तर त्यामागील यंत्रविद्या थोडी समजून घेतली पाहिजे. टॉरेंट नांवाच्या पद्धतींत गाणें किंवा चित्रपट एकाच कोठारांत ठेवलेला नसतो. तो लहान लहान तुकड्यांनीं असंख्य लोकांच्या संगणकांतून फिरत असतो, आणि जो घेतो तो घेतां घेतांच दुसऱ्यालाहि देत असतो. ह्या देवघेवींत कोण कोण सामील आहेत त्यांची यादी तींत शिरणाऱ्या कोणालाहि पाहतां येते. कारण त्या यादीवांचून देवघेव चालूच शकत नाहीं. संगीताच्या व चित्रपटांच्या कंपन्यांनीं नेमलेले पहारेकरी हेंच करतात. ते त्या गर्दींत शिरतात, यादींतील पत्ते टिपतात आणि प्रत्येकापुढें वेळ लिहितात.

ह्या पत्त्याला आयपी पत्ता म्हणतात. तो माणसाचा नव्हे, जोडणीचा असतो. त्या घटकेस तो कोणत्या ग्राहकाकडे होता हें इंटरनेट पुरविणाऱ्या कंपनीलाच ठाऊक असतें. म्हणूनच ह्या सर्व कायद्यांनीं त्या कंपनीला मध्यें घातलें. पण तिच्या साहाय्यानें पोंचतां येतें तें दारापर्यंतच. वाड्याच्या दिंडी-दरवाजावर नंबर लिहिलेला असतो. आंत बिऱ्हाडें किती, माणसें किती, आणि त्यांतलें कोण काल रात्रीं जागत होतें, हें तो नंबर कसें सांगणार?

बरें, हा नंबर तरी नेहमीं बिनचूक असतो काय? २००८ सालीं अमेरिकेंतील वॉशिंग्टन विद्यापीठांतील संशोधकांनीं एक गमतीचा पण उद्बोधक प्रयोग केला. ज्या यंत्रांनीं कधींहि कांहीं उतरवून घेतलेलें नव्हतें त्यांचे पत्ते त्यांनीं अशा याद्यांत शिरवून दिले. लवकरच तक्रारीच्या नोटिसा येऊं लागल्या. आणि त्यांतल्या कांहीं चक्क कचेरींतील छपाईयंत्रांच्या नांवच्या होत्या! बिचाऱ्या प्रिंटरवर चित्रपट चोरल्याचा आळ आला. आयर्लंडमध्यें २०१० सालीं घडलेला प्रकार तर प्रयोगहि नव्हता. तेथें हिवाळ्यासाठीं घड्याळें एक तास मागें घेतात. एका मोठ्या कंपनीच्या यंत्रणेंत हा एक तास जमेस धरला गेला नाहीं, आणि सुमारें ३०० ग्राहकांना दुसऱ्यांच्या कृत्यांबद्दल ताकीद गेली. आयपी पत्ता तासातासाला हात बदलूं शकतो. वेळ चुकली कीं माणूसहि चुकला.

कलावंतांची बाजू

येथें कोणी म्हणेल, 'मग काय चोरी चालूं द्यावयाची?' तसें आमचें मुळींच म्हणणें नाहीं. ज्या मासिकाच्या पानांवर हा लेख छापला जात आहे त्याचाहि संसार वाचकांच्या वर्गणीवरच चालतो. मराठी पुस्तकाची आवृत्ति ती केवढीशी! तींत लेखकाचीं दोन-तीन वर्षें आणि प्रकाशकाचें भांडवल गुंतलेलें असतें. पुस्तक बाजारांत येऊन महिना होतो न होतो तोंच त्याचें पीडीएफ नातेवाईकांच्या व्हॉट्सॲप-गटांतून फिरूं लागतें. पाठविणारे गृहस्थ सुशिक्षित असतात. वर 'अवश्य वाचावें' अशी शिफारसहि जोडतात. दुकानांतून एखादें पुस्तक न विचारतां पिशवींत टाकण्याचें ह्याच गृहस्थांच्या स्वप्नांतहि येणार नाहीं. पण येथें मूळ वस्तु जागच्या जागीं राहते, म्हणून चोरी ही चोरी वाटत नाहीं, इतकेंच. नुकसान मात्र खरें असतें, आणि तें ज्याचें होतें त्याच्याहि घरीं मुलेंबाळें असतात.

तेव्हां कलावंतांनीं व त्यांच्या कंपन्यांनीं न्याय मागितला यांत गैर कांहीं नव्हतें. अमेरिकेंत त्यांनीं २००३ पासून सामान्य माणसांवरच हजारों खटले भरले. मिनेसोटांतील एका स्त्रीवर २४ गाण्यांबद्दल चाललेला खटला फार गाजला. २००७ सालीं ज्यूरीनें तिच्यावर २,२२,००० डॉलरची भरपाई बसविली. फेरसुनावणींत २००९ सालीं ती १९,२०,००० डॉलरवर गेली. आणि २०१२ सालीं अपीलांत पुन्हां पहिल्या आंकड्यावर येऊन थांबली. चोवीस गाणीं आणि लाखों डॉलर! अशा खटल्यांनीं पैसा थोडा मिळाला आणि दुष्कीर्ति फार झाली. म्हणून २००८ च्या अखेरीस तेथील संगीत कंपन्यांच्या संघानें असे सरसकट खटले भरणें थांबवीत असल्याचें जाहीर केलें आणि इंटरनेट पुरविणाऱ्या कंपन्यांकडे मोर्चा वळविला. न्यायालय नको, लाखांचा दंड नको. आधीं एक ताकीद, मग दुसरी, आणि तरीहि न ऐकल्यास तार तोडावी. वरवर पाहतां ही योजना खटल्यापेक्षां पुष्कळच सौम्य व दयाळू दिसते. तिची खरी परीक्षा झाली ती फ्रान्समध्यें.

फ्रान्सचा प्रयोग

२००७ सालीं फ्रान्सच्या सरकारनें ह्या प्रश्नासाठीं एक समिति नेमली. पुस्तकें व संगीत विकणाऱ्या एका मोठ्या दुकान-संस्थेचे प्रमुख दनी ओलिव्हेन हे तिचे अध्यक्ष होते. तिच्या शिफारशींवरून जें विधेयक तयार झालें तें 'हादोपी' ह्या नांवानें प्रसिद्ध आहे. वस्तुतः तें त्यानें निर्माण केलेल्या सरकारी मंडळाचें संक्षिप्त नांव. त्याचा सांगाडा असा : पहिली ताकीद ईमेलनें, दुसरी नोंदणी केलेल्या पत्रानें, आणि तिसऱ्या वेळीं दोन महिन्यांपासून एक वर्षापर्यंत जोडणी बंद. ही शिक्षा न्यायाधीशानें नव्हे, मंडळानेंच द्यावयाची. घरांतील दुसऱ्या कोणीं तें केलें असलें तरी 'आपल्या जोडणीवर लक्ष ठेवलें नाहीं' हा जोडणीधारकाचाच अपराध. आणखी गंमत अशी कीं तार तोडलेली असतांहि बिल भरणें चालूच ठेवावयाचें!

हें विधेयक पार्लमेंटांत सुखासुखी पार पडलें नाहीं. ९ एप्रिल २००९ रोजीं जवळजवळ रिकाम्या सभागृहांत तें १५ विरुद्ध २१ मतांनीं फेटाळलें गेलें. सरकारनें तें पुन्हां आणलें आणि मे महिन्यांत मंजूर करून घेतलें. पण १० जून २००९ रोजीं तेथील घटना-परिषदेनें त्याचा कणाच मोडला. परिषदेचा युक्तिवाद मननीय आहे. १७८९ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या ११ व्या कलमानें विचार व मतें प्रकट करण्याचें स्वातंत्र्य दिलें आहे. आजच्या काळीं त्या स्वातंत्र्यांत इंटरनेटपर्यंत पोंचण्याचें स्वातंत्र्यहि येतें. म्हणून तें हिरावून घेण्याचा अधिकार एखाद्या सरकारी मंडळाला देतां येणार नाहीं, तो न्यायाधीशाचाच राहिला पाहिजे. शिवाय त्याच जाहीरनाम्याच्या ९ व्या कलमाप्रमाणें अपराध सिद्ध होईपर्यंत माणूस निर्दोष होय. येथें मात्र जोडणीधारक आधींच दोषी, आणि निर्दोषपणा त्यानें सिद्ध करावयाचा, असा उलटा न्याय होता.

सरकारनें माघार घेतली नाहीं. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत दुसरा कायदा झाला. त्यांत तार तोडण्याचा अधिकार न्यायाधीशाला दिला. पण घराची जोडणी सुरक्षित न ठेवणें हा 'ठळक निष्काळजीपणा' म्हणून अपराधच राहिला, आणि त्याला १,५०० युरोपर्यंत दंड व एक महिन्यापर्यंत जोडणी-बंदी ठरविण्यांत आली. दरम्यान एक हास्यास्पद प्रकार घडला. २०१० च्या जानेवारींत नव्या मंडळाचें बोधचिन्ह प्रसिद्ध झालें, तेव्हां जाणत्यांच्या लक्षांत आलें कीं त्यांतील अक्षरांचें वळण एका टेलिफोन कंपनीसाठीं खास घडविलेलें असून तें परवानगीवांचून वापरलें आहे. चोरी रोखणाऱ्यांच्या पाटीवरच उसनी अक्षरें! बोधचिन्ह बदलावें लागलें.

बेलफोरचें घर

२०१० च्या ऑक्टोबरापासून ताकिदा निघूं लागल्या. २०१२ सालापर्यंत पहिल्या ताकिदांचाच आंकडा १० लाखांच्या वर गेला. सरकारी वकिलाकडे पोंचलेलीं प्रकरणें मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीं होतीं. त्यांपैकीं पहिली शिक्षा २०१२ च्या सप्टेंबरांत पूर्व फ्रान्समधील बेलफोर येथें झाली. आरोपी एक साधा कारागीर. त्यानें सांगितलें कीं गाणीं आपण उतरविलीं नाहींत. तें आपल्या पत्नीनें केलें. पत्नीनेंहि तें कबूल केलें. उभयतांचा घटस्फोट चालला होता. तरी न्यायालयानें त्यालाच १५० युरो दंड केला. कारण जोडणी त्याच्या नांवावर होती, आणि पत्नी हें करीत आहे हें ठाऊक असूनहि त्यानें तें थांबविलें नाहीं, हें त्यानें स्वतःच्याच तोंडानें सांगितलें होतें. खरें बोलला म्हणून अडकला, असेंच म्हणावें लागेल. आपल्याकडे 'चोर सोडून संन्याशाला सुळी' म्हणतात. येथें तर चोर समोर उभा राहून कबुली देत होता, आणि सुळाचें टोंक तरीहि संन्याशाकडेच होतें.

प्रत्यक्ष तार तोडण्याचा पहिला हुकूम २०१३ च्या जूनमध्यें पॅरिसजवळील मोंत्रय येथील न्यायालयानें दिला : ६०० युरो दंड आणि १५ दिवस जोडणी बंद. पण त्याच सुमारास सरकारनें नेमलेल्या दुसऱ्या एका समितीनें ही शिक्षा रद्द करण्याची शिफारस केली होती. अवघ्या महिन्याभरांत, ८ जुलै २०१३ च्याच हुकुमानें निष्काळजीपणाबद्दल जोडणी तोडण्याची शिक्षा काढून टाकण्यांत आली. दंड तेवढा राहिला. पुढें २०२२ च्या आरंभीं तें मंडळहि रेडिओ-दूरचित्रवाणीच्या नियामक मंडळांत विलीन झालें. सहा वर्षांची खटपट, लाखों पत्रें, आणि हातीं काय आलें याचा हिशेब वाचकांनींच करावा.

इतर देशांचें धोरण

न्यूझीलंडमध्यें २००९ सालीं असाच कायदा अमलांत यावयाचा होता. कलावंतांसह अनेकांनीं आपापलीं चित्रें काळीं करून त्याचा निषेध केला, आणि सरकारनें तो स्थगित करून पुढें मागें घेतला. २०११ सालीं तेथें नवा कायदा आला. त्यांत तीन नोटिसांनंतर प्रकरण कॉपीराइट न्यायाधिकरणापुढें जातें, आणि भरपाईची मर्यादा १५,००० डॉलर ठेवली आहे. तक्रारदारानें प्रत्येक नोटिशीमागें कंपनीला २५ डॉलर द्यावयाचे, ही त्यांतील शहाणपणाची तरतूद. फुकटची तक्रार करतांना हात सैल सुटतो, पैसे मोजावे लागले कीं माणूस विचार करतो. जोडणी तोडण्याचें कलमहि त्या कायद्यांत घातलें, पण तें राखून ठेवून. २०१३ च्या जानेवारींत न्यायाधिकरणानें पहिला निर्णय दिला तेव्हां भरपाई ठरली ६१६ डॉलर ५७ सेंट. लाखों डॉलरच्या अमेरिकन आंकड्यापुढें हा आंकडा किती माणुसकीचा वाटतो!

इंग्लंडनें २०१० च्या कायद्यांत जोडणी तोडण्याची वाट करून ठेवली, पण त्या वाटेनें पाऊल कधीं टाकलें नाहीं. युरोपीय संघानें २००९ सालीं असा नियम केला कीं ग्राहकाची जोडणी तोडणारा कोणताहि उपाय योजण्यापूर्वीं त्याचें म्हणणें निःपक्षपातीपणें ऐकून घेतलें पाहिजे. २०११ सालीं संयुक्त राष्ट्रांचे मतस्वातंत्र्य-विषयक विशेष प्रतिवेदक फ्रँक ला रू यांनींहि आपल्या अहवालांत ही शिक्षा अपराधाच्या मानानें अवाजवी असल्याचें स्पष्ट म्हटलें.

जर्मनींत तार तोडीत नाहींत. तेथें वकिलाचें पत्र येतें आणि पैसे मागितले जातात. तिकडे शिकावयास जाणाऱ्या आपल्या मुलामुलींनीं हें ध्यानांत ठेवावें. पण घरांतील जबाबदारी कोणाची, ह्या प्रश्नाचा जितका बारकाईनें विचार जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयानें केला तितका क्वचितच कोणीं केला असेल. २०१२ सालच्या एका निकालांत तेरा वर्षांच्या मुलाच्या आईबापांना त्यानें दोषमुक्त केलें : मुलाला समजावून सांगून मनाई केली होती, एवढें पुरे, संशयाचें कारण नसतां त्याच्या मागें पहारेकऱ्यासारखें फिरण्याचें बंधन आईबापांवर नाहीं. २०१४ सालीं त्यानें ठरविलें कीं घरांतील सज्ञान माणसावर विश्वास टाकणें हाच कुटुंबाचा धर्म. विशेष कारण नसतां त्याच्या कृत्याबद्दल जोडणीधारकाला जबाबदार धरतां येत नाहीं. परंतु २०१७ सालच्या तिसऱ्या निकालानें काटा दुसऱ्या बाजूला झुकला. म्युनिकमधील एका जोडप्याचीं तीन मुलें, तिन्हीं सज्ञान. कोणत्या मुलानें गाणीं उतरविलीं हें आईबापांना ठाऊक होतें, पण नांव सांगावयास त्यांनीं नकार दिला. न्यायालय म्हणालें, 'मुलाचें नांव सांगण्याची सक्ति नाहीं. पण तें झांकावयाचें असेल तर भरपाई तुम्हीं द्या.' ती साडेतीन हजार युरोंच्या वर गेली. ह्या निकालाबद्दल मतभेद होऊं शकेल. पण त्या आईबापांनीं मुलाला पाठीशीं घालण्याची किंमत स्वतः चुकविली, हें आमच्या वाचकांतील आईबापांना समजण्याजोगें आहे.

आपल्या देशांत काय?

आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचें ६३ वें कलम आहे. जाणूनबुजून हक्कभंग करणाऱ्यास सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५०,००० रुपयांपासून २ लाखांपर्यंत दंड होऊं शकतो. धंद्याच्या लाभासाठीं केलेलें नसेल तर न्यायालयास तो कमी करतां येतो. प्रत्यक्षांत आपल्या न्यायालयांचा रोख ग्राहकाच्या तारेपेक्षां चोरीच्या संकेतस्थळांवर राहिला आहे. तेथेंहि सुक्याबरोबर ओलें जळूं नये याची काळजी मुंबईच्या उच्च न्यायालयानें २०१६ सालीं घेतली. एका हिंदी चित्रपटासाठीं शेंकडों पत्ते बंद करण्याची मागणी आली असतां न्या. गौतम पटेल यांनीं नुसत्या यादीवर हुकूम देण्याचें नाकारलें. प्रत्येक पत्ता तपासून, तपासल्याचें प्रतिज्ञापत्र द्या, असें त्यांनीं बजावलें; आणि बंद केलेल्या पानावर हें कोणत्या हुकुमानें झालें व दाद कोठें मागावी हें लिहिण्याची अट घातली.

तारेच्या हक्काबद्दलहि आपलीं न्यायालयें मुकीं नाहींत. २०१९ सालीं केरळच्या उच्च न्यायालयानें, वसतिगृहांत ठराविक वेळीं मोबाइल वापरण्याची मनाई न मानल्यामुळें काढून टाकलेल्या एका विद्यार्थिनीच्या प्रकरणांत, इंटरनेट मिळणें हें शिक्षणाच्या व खासगीपणाच्या हक्काचें अंग मानलें. २०२० च्या जानेवारींत सर्वोच्च न्यायालयानें इंटरनेटद्वारें होणारें मतप्रकटन घटनेच्या १९ व्या कलमाच्या संरक्षणाखालीं येतें असें सांगितलें.

तथापि एक गोष्ट फारशी कोणाच्या लक्षांत येत नाहीं. मध्यस्थ कंपन्यांसाठीं केंद्र सरकारनें २०२१ सालीं जे नियम केले त्यांत, कॉपीराइटचा भंग करूं नये असें कंपनीनें ग्राहकास कळवावें, आणि नियम मोडल्यास त्याचा वापराचा हक्क तात्काळ संपविण्याचा आपणांस अधिकार असल्याचेंहि वेळोवेळीं सांगावें, असें म्हटलें आहे. म्हणजे फ्रान्सच्या घटना-परिषदेनें जो अधिकार मंडळालाहि नाकारला, तो आपल्याकडे करारांतील बारीक अक्षरांत कंपनीच्या हातीं असूं शकतो. तो आज सर्रास वापरला जात नाहीं, हें खरें. पण म्यानांतली तलवार ही तलवारच असते.

आमचें मत

एवढा सारा इतिहास पाहून आमचें मत असें झालें आहे कीं तार तोडणें ही शिक्षा तीन कारणांनीं अयोग्य आहे. पहिलें, ती अपराध्याला शोधीत नाहीं. ती दाराचा नंबर पाहते आणि आंतील सर्वांना एकाच दोरीनें बांधते. दुसरें, ती अपराधाच्या मानानें फार मोठी आहे. मुलानें वाचनालयाच्या पुस्तकाचें पान फाडलें तर दंड घ्यावा, त्याचें सभासदत्व काढावें. पण म्हणून घरचा नळ तोडीत नाहींत. आज औषधाची मागणी, वीजबिल, परीक्षेचा अर्ज, बँकेचा व्यवहार हीं सर्व त्या एका तारेवर येऊन बसलीं आहेत. तिसरें, ती फिर्याद करणाऱ्यालाच बहुतांशीं न्यायाधीश बनविते. ताकीद द्यावी, भरपाई मागावी, वारंवार आणि धंदा म्हणून चोरी करणारास न्यायालयांत खेंचावें. पण तार तोडण्याचा प्रसंगच आला, तर तो हुकूम न्यायाधीशाचा असावा, पुराव्यावर असावा, आणि घरच्यांचें म्हणणें ऐकल्यानंतरचा असावा.

मात्र कायद्यानें उंबरठ्याबाहेर थांबावें असें म्हणणाऱ्यानें उंबरठ्याच्या आंतली जबाबदारी स्वतः उचलली पाहिजे. ती फार अवघड नाहीं. जोडणी कोणाच्या नांवावर आहे तें घरांतील सर्वांना ठाऊक असावें, आणि तिचा बरावाईट परिणाम त्या माणसावर होतो हेंहि. परवलीचा शब्द वर्षानुवर्षें तोच ठेवूं नये. पाहुण्यांना दिलेला शब्द ते गेल्यावर बदलावा, त्यांत अपमान कसला? कंपनीचें पत्र आलें तर तें फेंकून देऊं नये, आणि घाबरून पैसेहि भरूं नयेत. तारीख व वेळ ताडून पाहावी, लेखी उत्तर द्यावें, जरूर तर वकिलाचा सल्ला घ्यावा. मुलांना नुसतें 'हें करूं नको' न सांगतां कां करूं नये तें सांगावें. जर्मन न्यायालयानेंहि आईबापांकडून ह्याहून अधिक मागितलें नाहीं.

आणि सर्वांत महत्त्वाचें हें कीं मोठ्यांनीं स्वतःचें वागणें तपासावें. ज्या घरांत आजोबा नव्या कादंबरीचें फुकट पीडीएफ दहा स्नेह्यांना पाठवितात, त्या घरांतल्या नातवाला गाण्याबद्दल रागें भरण्याचा अधिकार कोणाला उरतो? पुस्तक आवडलें तर एक प्रत विकत घ्यावी. परवडत नसेल तर वाचनालयांतून आणावें. गाणें आवडलें तर ज्यानें तें गाइलें त्याला त्याचा वांटा मिळेल अशाच ठिकाणीं ऐकावें. कलावंताचें देणें हें दूधवाल्याच्या किंवा वाण्याच्या देण्याहून निराळें नाहीं. फरक इतकाच कीं दूधवाला महिन्याच्या एक तारखेला दारांत येऊन उभा राहतो. कलावंत येत नाहीं. म्हणूनच त्याचें देणें आपण होऊन लक्षांत ठेवावें लागतें.